चावीचा टायमर घ्यावा का? बागेच्या पाण्यावर वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदरात पाण्याचे प्रश्न येतातच, पण यावेळी बहुतेक पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतायत, नळाला लावायचा टायमर. बॅटरीचा नाही, तो हाताने पिळून लावायचा मेकॅनिकलवाला, ज्याला बरेच जण चावीचा टायमर म्हणतात. त्यामुळे यावेळी खत, कीड, कुंडी बदलणं सगळं बाजूला ठेवलंय आणि फक्त याच्यावरच बोलूया.

प्रश्न (मुलुंड) : आमच्या सोसायटीच्या बागेत माळीदादा सकाळी पाइप सोडून शेजारच्या बिल्डिंगमध्ये कामाला जातात आणि परत येईपर्यंत पाणी गेटपर्यंत वाहत असतं. कमिटीत कोणी म्हणतं बॅटरीचा टायमर घ्या, कोणी म्हणतं चावीचा घ्या. आत नक्की काय असतं आणि आम्हाला कुठला बरा?

तुमच्यासाठी चावीचाच, आणि का ते सांगतो.

सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा तो टिकटिक करत मागे येणारा नॉब आठवा, हे बरंचसं तसंच आहे. डायल फिरवली की आतली स्प्रिंग ताणली जाते आणि त्याच फिरवण्यात पाण्याची झडप उघडते, मग स्प्रिंग एकदम सुटू नये म्हणून मध्ये छोटे गिअर असतात ते तिला हळूहळू सोडतात, आणि डायल शून्यावर आली की झडप बंद. बॅटरी नाही, वायर नाही, अॅप नाही. बाजारात जे मिळतात ते साधारण दोन तासांपर्यंतचे असतात.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हा टायमर पाणी बंद करतो, चालू करत नाही. चालू करायला रोज माणूस लागतो. तुमच्याकडे माणूस येतोच आहे, पाणी सोडतोही आहे, अडचण फक्त बंद करायची आहे. मग बॅटरीच्या टायमरवर जास्त पैसे कशाला घालायचे, शिवाय पावसाळ्यात त्याच्या बॅटरीच्या कप्प्यात पाणी गेलं की कॉन्टॅक्ट गंजतात आणि मग ते दुरुस्त कोण करणार.

कमिटीला पटवायचं असेल तर मीटिंगच्या आधी एक काम करा. बागेच्या नळाखाली २० लिटरची बादली ठेवा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. समजा १०० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर झाले. म्हणजे माळीदादांचा पाइप तासभर जास्त चालला तर ७२० लिटर गेले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप नेहमी धरतात, त्या हिशोबाने पाच माणसांचं अख्ख्या दिवसाचं पाणी गेटबाहेर गेलं. हा आकडा तुमच्या स्वतःच्या नळाचा असेल त्यामुळे त्यावर कोणी वाद घालणार नाही. आणि यात माळीदादांना दोष देऊ नका हो, एका माणसाने तीन तीन बिल्डिंगच्या बागा बघायच्या तर तो पाइपजवळ उभा कसा राहील.

घेताना दोन गोष्टी बघा. बऱ्याच टायमरच्या डायलवर एका बाजूला ‘ऑन’ किंवा ‘मॅन्युअल’ अशी खाच असते, तिथे डायल गेली की घड्याळ चालतच नाही आणि पाणी चालूच राहतं. अशी खाच असेल तर त्या जागेवर रंगाने ठळक लाल खूण करा आणि माळीदादांना स्वतः दाखवा. दुसरं म्हणजे कमी मिनिटं लावताना हे टायमर चुकतात, दहा मिनिटं लावली तर कधी सात होतात कधी तेरा, कारण स्प्रिंग तेवढी ताणलेलीच नसते. म्हणून आधी डायल अर्ध्या तासाच्या पुढे न्यायची आणि मग हलक्या हाताने मागे दहावर आणायची. सोबतच्या कागदावर मागे फिरवू नका असं लिहिलं असेल तर मात्र तसं करू नका, गिअर तुटतात. आणि महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघा की खरंच बंद होतोय का, कारण स्प्रिंग थकली की डायल शून्याच्या अलीकडेच अडकते आणि तेव्हा झडप उघडीच असते.

प्रश्न (दादर) : आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. गच्चीवरच्या नळाला बॅटरीचा टायमर लावला तर तो कधी उघडतच नाही आणि उघडला तर बंद झाल्यावरही थेंब थेंब गळत राहतो. दोनदा बदलून आणला तरी तेच. दुकानदार म्हणतो पीस चांगला आहे.

दुकानदार बरोबर बोलतोय असं मला वाटतं. टायमरमध्ये दोष नाही, तुमच्या गच्चीवर त्याला लागतं तेवढं प्रेशरच नाहीये.

मुंबईतल्या बहुतेक इमारतींत महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळात खालच्या टाकीत येतं, पंपाने वरच्या टाकीत जातं आणि तिथून आपल्या नळाला नुसतं उंचीच्या जोरावर उतरतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचं प्रेशर साधारण एक बार, म्हणजे एक मीटरला ०.१ बार. आता तुमच्या गच्चीवरचा नळ आणि टाकीतली पाण्याची पातळी यांत फरक किती, एक मीटर, फार तर दोन. म्हणजे ०.१ ते ०.२ बार. तोच टायमर तुमच्याच बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर लावला तर व्यवस्थित चालेल.

बॅटरीच्या बऱ्याच टायमरमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व असतो, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणारी झडप, त्यात रबरी पडदा असतो आणि हा पडदा उघडायला आणि मुख्य म्हणजे घट्ट बसायला पाण्याचंच प्रेशर वापरलं जातं. त्याला साधारण अर्धा बार तरी हवा असतो. कमी मिळालं की पडदा अर्धवट उघडतो, अर्धवट बसतो, आणि तुम्ही लिहिलंय अगदी तेच होतं.

यावर उपाय म्हणजे असा टायमर ज्यात पाण्याच्या मदतीशिवाय झडप उघडझाप होते. बॅटरीच्याच प्रकारात बॉल व्हॉल्ववाले मिळतात, त्यात छोटी मोटर बॉल फिरवते, खोक्यावर ऑपरेटिंग प्रेशर ० बारपासून असं छापलेलं असतं. चावीच्या टायमरमध्येही दोन्ही जाती आहेत, काहींत डायल थेट झडप हलवते आणि काहींत आत पडदाच असतो, त्यामुळे मेकॅनिकल आहे म्हणजे गच्चीवर चालेलच असं समजू नका, खोका वाचा. खोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर दुकानातच टायमरची झडप चालू स्थितीत आणून तोंडाने फुंकून बघा. हवा सहज आरपार गेली तर टाकीच्या पाण्यावर चालायला हरकत नाही, अडली तर घेऊ नका. दुकानदार हसेल, हसू दे, हजार दोन हजारांची वस्तू आहे.

आणि ठिबक लावणार असाल तर प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, म्हणजे प्रेशर बदललं तरी सारखंच पाणी सोडणाऱ्या ठिबकच्या तोट्या, घेऊ नका, तेही तुमच्या गच्चीवर नीट चालणार नाहीत. साधे ड्रिपर घ्या. ते छापलेल्या आकड्यापेक्षा कमी पाणी देतील, पण देतील.

उलट अडचण उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर येते. वीस मजल्यांच्या इमारतीत तळमजल्याच्या नळाला मध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व नसेल तर सहा बार होऊ शकतं आणि प्लॅस्टिकचा टायमर चोवीस तास तेवढं प्रेशर अंगावर घेऊन बसला तर कधीतरी तडकणारच. त्यामुळे काम झालं की मागचा नळ बंद करायचा, टायमर आहे म्हणून नळ कायम उघडा ठेवायचा नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : मुलाने अमेरिकेहून छान पितळी मेकॅनिकल टायमर आणलाय. नळाला लावला तर दोन आटे बसतात आणि मग अडकतो. प्लंबरने टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला पण गळतोच आहे.

ताई, तो प्लंबरकडून जोराने पिळून घेऊ नका, आटे जातील. तिकडच्या बागेच्या पाइपचे पाऊण इंची आटे वेगळे असतात, एका इंचात साडेअकरा. आपल्याकडे बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचे आटे, पाऊण इंचीला एका इंचात १४. दिसायला सारखेच दिसतात म्हणून फसायला होतं, पण टेप कितीही गुंडाळली तरी ते जुळणार नाहीत. मधला अॅडॅप्टर लागतो, एका बाजूला त्यांचे आटे, दुसऱ्या बाजूला आपले. तो ऑनलाइन मिळतो, किंवा नागदेवी स्ट्रीटला पाइप फिटिंगवाल्यांकडे टायमर सोबत घेऊन जा आणि तिथेच बसवून बघा. शिवाय आपल्या घरातला नळ बहुतेक अर्धा इंची असतो त्यामुळे अर्ध्याचं पाऊण करणारं रिड्यूसरही लागेल. आणि या टायमरचं पाणी आट्यांनी थांबत नाही, आत जो चपटा रबरी वॉशर असतो त्याने थांबतं. तो आहे ना, सपाट बसलाय ना, आधी ते बघा.

प्रश्न (बोरिवली) : किती मिनिटं लावायची याचं काही कोष्टक आहे का? बाल्कनीत तुळस, मोगरा, कढीपत्ता, दोन जास्वंदी, मनीप्लांट आणि अडेनियम आहे. पंधरा मिनिटं लावली तर मोगऱ्याला पुरत नाही आणि अडेनियम सडतं.

मिनिटांचं कोष्टक देऊन उपयोग नाही, कारण माझ्या पंधरा मिनिटांत आणि तुमच्या पंधरा मिनिटांत पाणी वेगळं पडतं. आणि एका नळावर एकच टायमर म्हणजे सगळ्या कुंड्यांना मिनिटं सारखीच मिळणार. तेव्हा मिनिटं बदलायची नाहीत, ड्रिपर बदलायचे.

ड्रिपर तासाला २, ४, ८ लिटर असे मिळतात. ४ लिटरचा ड्रिपर पंधरा मिनिटांत एक लिटर देतो, २ चा अर्धा लिटर, ८ चा दोन लिटर. मे महिन्यात बारा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला किंवा जास्वंदीला दिवसाला लिटर सव्वा लिटर लागतं, तिथे ४ चा लावा. आठ इंची कुंडीतल्या तुळशीला अर्धा लिटर पुष्कळ झालं, तिथे २ चा. कढीपत्ता मोठ्या कुंडीत असेल तर त्याला ४ चा द्या पण माती वरून कोरडी होऊ दे. अडेनियम ठिबकच्या लाइनवर ठेवूच नका, त्याला आठवड्यातून एकदोनदा हाताने पाणी द्या. मनीप्लांट सावलीत असेल तर त्याचंही तसंच.

आता छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका आणि प्रत्येक ड्रिपरखाली एकदा भांडं ठेवून मोजा. पंधरा मिनिटांत पाव लिटर जमलं तर तो तासाला एकच लिटर देतोय, मग त्यावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही. नळाजवळचा पहिला ड्रिपर आणि लाइनच्या टोकाचा शेवटचा, दोन्ही मोजा, खूप फरक आला तर लाइन फार लांब झालीय किंवा शेवटी कचरा अडकलाय. शेवटी कुंडीच्या खालच्या भोकातून पाणी नुकतंच डोकावायला लागलं की पुरे झालं, हीच खरी खूण, आणि ती प्रत्येक ऋतूत नव्याने बघायची. ऑक्टोबरमध्ये मुंबईत ऊन पुन्हा तापतं आणि लोक पावसाळ्यातलीच मिनिटं चालू ठेवतात, तेव्हा खूप झाडं जातात.

एक वेगळा प्रकारही आहे, मिनिटांऐवजी लिटर मोजणारा मेकॅनिकल टायमर. आत छोटं चक्र असतं, ते पाण्याने फिरतं आणि ठरवलेले लिटर गेले की झडप बंद होते. सकाळी सगळ्या बिल्डिंगच्या आंघोळी चालू असताना नळाची धार बारीक होते आणि दुपारी जोरात येते, अशा ठिकाणी हा मिनिटांपेक्षा खूप चांगला, कारण धार कशीही असो पाणी तेवढंच पडतं. आपल्याकडे दुकानात कमी दिसतो, पण दिसला तर जरूर घ्या.

प्रश्न (गिरगाव) : गणपतीला आम्ही आठ-दहा दिवस कोकणात गावी जातो. चाळीच्या गॅलरीत कुंड्या आहेत, तिथे नळ नाही, पिंपात पाणी भरून ठेवतो. चावीचा टायमर चालेल का? सगळे म्हणतात पावसाळा आहे, काळजी कशाला.

पाऊस असतो पण गॅलरीच्या आत ठेवलेल्या कुंडीत तो येत नाही, वर छप्पर आहे आणि वारा असेल तरच थोडी झड येते. बाहेर धो धो पाऊस आणि आत कुंडी कोरडी असं मुंबईत नेहमी होतं, त्यामुळे तुमची काळजी बरोबर आहे.

पण चावीचा टायमर तुमच्या कामाचा नाही, त्याला रोज पिळणारा माणूस हवा. तुम्हाला दुसरा मेकॅनिकल टायमर लागेल, विजेच्या सॉकेटमध्ये लावायचा. त्याच्या गोल तबकडीवर कडेने छोट्या पिना असतात, सहसा ९६, एक पिन म्हणजे पंधरा मिनिटं, जेवढ्या दाबाल तेवढा वेळ दिवसातून वीज चालू. त्यात छोटा सबमर्सिबल पंप लावायचा, कूलरला किंवा फिश टँकला असतो तसा, पंप पिंपात आणि त्याच्या पाइपवर ड्रिपर. लोहार चाळीत हा टायमर सहज मिळतो. तासभर वीज गेली तर तबकडी थांबते आणि आल्यावर तेवढीच मागे पडून चालते, म्हणजे सकाळी सातचं पाणी आठला पडेल, झाडांना काही फरक पडत नाही.

आता यातली खरी गोम. पंप बंद झाला तरी पाणी थांबेलच असं नाही. ड्रिपर पिंपातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतील तर पाइप भरलेला असल्यामुळे पाणी आपोआप ओढलं जात राहतं, सायफन होतो, आणि पहिल्याच रात्री पिंप रिकामं. मग दुसऱ्या दिवसापासून पंप कोरडा फिरतो आणि जळतो. हे टाळायला पाइप पिंपातून बाहेर काढताना सगळ्यात उंच जागी, पाण्याच्या वर, पिंपाच्या तोंडाच्या आतल्या बाजूला, तापवलेल्या सुईने एक बारीक भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी परत पिंपातच पडेल, पंप बंद झाला की तिथून हवा आत शिरेल आणि सायफन तुटेल. जायच्या आदल्या आठवड्यात दोन दिवस तुमच्यासमोर चालवून बघा आणि पिंपावर खडूने पातळीची खूण करा.

हिशोबही करा. दहा कुंड्या, प्रत्येकी अर्धा लिटर, दिवसाला पाच लिटर, दहा दिवसांचे पन्नास. शिवाय पंप बुडालेला राहायला तळाशी दहा-पंधरा लिटर हवेत. पिंपावर झाकण किंवा घट्ट बांधलेलं कापड हवंच, डास.

विजेचं मात्र पूर्ण गांभीर्याने घ्या. सॉकेट पिंपापेक्षा उंच आणि झड न येणाऱ्या जागी हवं, पंपाची वायर सॉकेटकडे जाताना मध्ये खाली झोळ पडू द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता तिथूनच खाली पडेल, आणि त्या लाइनला अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर हे करूच नका. जुन्या चाळींत बरेचदा नसतो. तसं असेल तर सरळ शेजारच्या काकूंकडे चावी द्या किंवा कुंडीत मातीचं छोटं, भाजलेलं पण रंग न दिलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. मोठ्या कुंडीत ते तीनचार दिवस पाझरत राहतं, मग काकूंना दहा दिवसांत दोनतीनदाच यावं लागेल.

प्रश्न (भांडुप) : पावसाळ्यात टायमर काढून ठेवावा का? आणि आमच्याकडे महापालिकेचे लोक येऊन कुंड्यांखालच्या ताटल्या बघून ओरडून गेले.

काढून ठेवा. आतली जाळी काढून ब्रशने धुवा, टँकरचं पाणी वापरत असाल तर तिथे भरपूर गाळ निघेल, बोअरचं असेल तर पांढरा थर दिसेल, तो व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काढा. डायल शून्यावर आणून ठेवा म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहत नाही. रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, खोबरेल किंवा व्हॅसलिन नको, त्याने बरीच रबरं फुगतात. सावलीत, कोरड्या डब्यात.

ताटल्यांबद्दल ते ओरडले ते योग्यच केलं त्यांनी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्याकडच्या हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ताटली आठवड्यातून एकदा नुसती ओतून चालत नाही, घासायची, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहिली तरी मरत नाहीत. टायमरची मिनिटं नीट बसली असतील तर ताटलीत पाणी यायलाच नको, तेव्हा ताटली रोज भरत असेल तर आधी मिनिटं कमी करा.

प्रश्न (वर्सोवा) : टिकटिक आवाज रात्री ऐकू येतो का? आणि समुद्राच्या हवेत किती टिकेल?

आवाज येतो, बेडरूमला लागून बाल्कनी असेल तर जाणवेल, पण पाणी सकाळीच द्यायचं असल्यामुळे अडचण येऊ नये. खाऱ्या हवेत पितळी आट्यांचा घ्या, लोखंडी स्क्रू बाहेर दिसत असतील तर नको. प्लॅस्टिकचा घेतलात तर दुपारचं ऊन थेट पडणार नाही असा लावा, उन्हाने त्याचा रंग उडायला लागला की आतून ठिसूळ व्हायला सुरुवात झालेली असते आणि तेव्हा तो बदलायचा, फुटायची वाट बघायची नाही.